तिसरा ते चौदावा, सारखेच

१

ऑफिसात मला खोडरबर म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण मला ठाऊक आहे आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासते आहे. भिंतीवर आपटणारं दार, एक पायरी कमी पडलेला जिना, खिडकीच्या मधोमध आलेला खांब, असल्या गोष्टी मला नासलेल्या दुधासारख्या लांबूनच कळतात. म्हणूनच शहरातल्या त्या मोठ्या हॉटेलाला पन्नास वर्षं होणार म्हटल्यावर मोठ्या साहेबांनी पुस्तिकेचं काम माझ्या गळ्यात मारलं. हॉटेलाची ड्रॉइंग आमच्याच ऑफिसनं केलेली, मोठ्या साहेबांच्या वडिलांच्या काळात. आता शेजारी नवा टॉवर उभा राहतोय, तोही आमचाच. तेव्हा हॉटेल कसं सुचलं, कसं वाढलं, कोणी काय बदललं, ते आठ पानांत लिहायचं, फोटोंना जागा सोडून.

मी खुशीत कामाला लागले. इतिहास मजेदारच निघाला. परवानगी आठ मजल्यांची होती, पण मालक कुठल्याशा दुसऱ्या शहरात जाऊन आले, तिथलं हॉटेल उंच पाहून त्यांचं डोकं फिरलं आणि पाया भरायच्या आत आठाचे चौदा झाले. लॉबी गोल असावी की चौकोनी यावर दोन वर्षं भांडण चाललं आणि शेवटी खांब आधीच गोलात उभे राहिलेत म्हणून लॉबी गोल झाली. पोहण्याचा तलाव गच्चीवर बांधला, तो खालच्या खोल्यांत गळायला लागला, मग तो खाली बागेत आला आणि वाढत्या स्वयंपाकघरानं उरलेली बाग खाल्ली. आणि वरचे बारा मजले मात्र एकाच कागदावर.

आमच्या कामात ‘टिपिकल’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. हॉटेलाचे वरचे मजले सगळे एकसारखे, मग प्रत्येकाचं वेगळं ड्रॉइंग कोण काढत बसणार? एकच काढायचं आणि खाली लिहायचं: टिपिकल, तिसरा ते चौदावा, सारखेच. त्या एका कागदावर जे असेल ते बारा वेळा बांधलं जातं. चूक असेल तर तीही बारा वेळा होते, म्हणून टिपिकलचा कागद मी नेहमी दोनदा तपासते.

घरी धाकटीला हा शब्द फार आवडतो. मी दाराची कडी तिसऱ्यांदा तपासली की ती म्हणते, “टिपिकल ताई!” धाकटी माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. आईवडील गेले तेव्हा ती शाळेत होती. तिच्या वेण्या, तिचा गृहपाठ, तिचा ताप, सगळं मीच पाहिलं. आता ती एका शाळेत खेळ शिकवते. बूड टेकून बसणं तिला जन्मात जमलेलं नाही. उभ्यानं जेवते, येरझाऱ्या घालत फोनवर बोलते, सिनेमा बघताना खुर्चीच्या हातावर बसून पाय हलवत राहते. तिच्यामुळे घरात सतत कुठेतरी खुडबुड चालू असते. मला तिची इतकी सवय झाली होती की ती कमी झाली तेव्हा मला लगेच कळलंच नाही.

२

हॉटेलात मी दुपारी तीनला गेले. त्या वेळी खोल्या आवरून झालेल्या असतात आणि नवे पाहुणे यायचे असतात, मोजमापाला बरं पडतं. सोबत हाउसकीपिंगच्या मुख्य बाई होत्या. तीस वर्षं तिथेच काढलेल्या. सगळी कुलुपं कार्डांची झाली तरी किल्ल्यांचा जुडगा अजून कमरेला.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला खिडकी. मधे लांबलचक कॉरिडॉर, पाय रुतेल असा गालिचा. खिडकीशी एक खुर्ची होती, खिडकीकडे तोंड करून. माझ्या हातातल्या फर्निचरच्या यादीत ती नव्हती. एवढ्या मोठ्या हॉटेलात एक खुर्ची इकडची तिकडे व्हायचीच, असं म्हणून मी पेन्सिलीनं खूण केली. खुर्चीची गादी डाव्या बाजूला दबलेली होती आणि डाव्या हाताचं पॉलिश कोपराच्या जागी उडालं होतं. समोरच्या काचेवर तळहाताएवढा वाफेचा डाग होता. बाईंनी पुढे होऊन तो फडक्यानं पुसला आणि फडकं परत खिशात ठेवलं.

चौथ्यावर खुर्ची होती. गादी डावीकडे दबलेली, काचेवर डाग. पाचव्यावरही. सहाव्यावर मी टेप काढला आणि दबलेली जागा मोजली. मग परत खाली येऊन तिसऱ्यावरची मोजली. दोन्ही मापं सारखी निघाली. मी बाईंना विचारलं की इथे पाहुणे बसतात का. त्यांनी सांगितलं की इथे कोण कशाला बसेल, लिफ्ट तिकडे, बाहेर बघायला समोरच्या इमारतीची भिंत. सहा महिन्यांपूर्वीच सगळ्या गाद्या नव्या केल्या होत्या, असंही म्हणाल्या.

मी मनात कारणं जुळवत गेले. एसीची हवा त्या कोपऱ्यात अडत असेल, म्हणून वाफ. गाद्या एकाच कारागिरानं भरल्या असतील, त्याचा हात डावीकडे हलका असेल. आमच्या धंद्यात कारण सापडेपर्यंत चूक खोडता येत नाही. बाराव्यापर्यंत सगळं तसंच्या तसं होतं आणि मला त्यात जरा बरंही वाटायला लागलं होतं, कारण निदान ते नियमानं होतं.

तेराव्यावर बाई लिफ्टमधून उतरल्या नाहीत. दार धरून उभ्या राहिल्या. मी एकटीच चालत गेले. इथली खुर्ची खिडकीकडे पाठ करून होती, कॉरिडॉरकडे तोंड करून, म्हणजे चालत येणाऱ्याकडे. गादी मधोमध दबली होती, खूप खोल, आतल्या फळीपर्यंत. काच स्वच्छ होती. मी माप घेतलं नाही. वळले आणि लिफ्टकडे निघाले. निम्म्या वाटेवर मागे गादीचा आवाज झाला, बसलेला माणूस उठल्यावर गादी फुगताना होतो तसा. मी मागे पाहिलं नाही. बाईंनी पाहिलं, आणि दार बंद व्हायचं बटण दाबलं. मी आत पोचले तेव्हा दार अर्धं मिटलं होतं.

चौदाव्यावर आम्ही गेलोच नाही. खाली उतरताना मी विचारलं की या खुर्च्या काढून का टाकत नाहीत. बाईंनी सांगितलं की दोनदा काढल्या. दोन्ही वेळा नूतनीकरणाच्या लोकांनी परत आणून ठेवल्या.

“ड्रॉइंगमध्ये आहे म्हणाले, मॅडम,” बाई म्हणाल्या. “ड्रॉइंग तर तुमचंच ना?”

३

जुनी ड्रॉइंग आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत लांब पत्र्याच्या नळकांड्यांत ठेवलेली आहेत. टिपिकलचा मूळ कागद मी टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर वजनं ठेवली. पारदर्शक कागदावर काळ्या शाईचं काम. हात इतका सुरेख की बघत राहावं. खालच्या भागात मजल्याचा उभा छेद होता, म्हणजे मजला सुरीनं कापला तर आत काय दिसेल ते. त्या छेदात, कॉरिडॉरच्या टोकाला, खिडकीशी, खुर्चीत एक बाई बसली होती.

आम्ही ड्रॉइंगमध्ये माणसं काढतो, त्यात नवल नाही. छत किती उंच आहे हे आकड्यांनी कळत नाही, खाली माणूस काढला की कळतं. पण ती चित्रं मालकाला दाखवायच्या ड्रॉइंगमध्ये. साइटवर जाणाऱ्या, कामाच्या ड्रॉइंगमध्ये माणूस काढायचा नसतो. नव्यानं लागलेल्या प्रत्येकाला आम्ही हे हसत हसत सांगतो: “माणूस काढू नका रे, ते लोक तोही बांधतील.” पंचवीस वर्षं मी हा विनोद सांगत आले आहे. मला तो माझ्या आधीच्यांनी सांगितला होता आणि त्यांना कोणी सांगितला, हे मी कधी विचारलं नव्हतं.

बाई डाव्या कोपरावर रेलून बसली होती. अंबाडा, किंचित वाकलेली मान. नुसती उंची दाखवायला एवढं कोणी काढत नाही. ज्यानं काढली त्याला ती बाई पाठ होती.

त्या कागदाखाली दुसरा कागद होता. तेरावा आणि चौदावा, सुधारित. तोच मजला, तोच हात, पण खिडकीशी बाई नव्हती आणि खुर्चीही नव्हती. कागदावर बोट फिरवलं तर तिथे खरखरीत लागत होतं. शाई ब्लेडनं खरवडली की असं होतं.

मला लगेच माझं काम आठवलं. नव्या टॉवरच्या छेदात मी धाकटीला काढलं होतं. वर्षापूर्वी ती ऑफिसात आली होती, तिला जबरदस्तीनं खुर्चीत बसवून मी फोटो घेतला आणि त्यावरून आकृती उतरवली. ती बसलेली दिसते हीच मला गंमत वाटली होती. पण ते मालकाला दाखवायचं ड्रॉइंग होतं. शिवाय आता सगळं कॉम्प्युटरवर. माणसं वेगळ्या लेयरवर असतात, म्हणजे कागदावर पातळ काच ठेवून तिच्यावर काढल्यासारखी, आणि कामाचं ड्रॉइंग छापताना तो लेयर आपण बंद करतो. मी बंद केला होता. बहुतेक.

४

कागदाच्या कोपऱ्यात सही होती. ट्रेसिंगकाकांची. त्यांच्या हातचं ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवलेलं ड्रॉइंग, ही ऑफिसची शान होती असं जुने लोक सांगायचे. काका आता नव्वदीला टेकलेत, शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटे राहतात. मी पुस्तिकेचं निमित्त सांगून गेले. त्यांनी चहा केला, तोही मोजून, दोन कपांत एक थेंब कमीजास्त नाही.

लॉबीच्या भांडणाचं बोलून झालं, तलावाचं झालं. मग मी ड्रॉइंगमधल्या त्या बाईचा फोनवर काढलेला फोटो त्यांच्यापुढे धरला. काकांनी चष्मा काढून ठेवला. ती त्यांची बायको होती. लग्नाला वर्ष झालं होतं, डबा घेऊन ती ऑफिसात यायची आणि खिडकीशी बसून राहायची. मालकाला दाखवायच्या ड्रॉइंगसाठी त्यांनी तिला काढलं. मग घाई झाली, तोच कागद साइटवर गेला.

काकू तोंडाच्या फार फटकळ होत्या, असं काका कौतुकानं सांगत होते. भाजीवाल्यापासून मोठ्या साहेबांच्या वडिलांपर्यंत कोणाला सोडायच्या नाहीत. पहिला टिपिकल स्लॅब टाकला त्या आठवड्यात त्या रागवायच्या थांबल्या. काकांना आधी बरंच वाटलं. पुढच्या स्लॅबला त्यांचं गुणगुणणं गेलं. मग वाचन, मग शेजारपाजार. डॉक्टर झाले, औषधं झाली. प्रत्येक स्लॅबनंतर त्या घरातल्या खिडकीशी थोडा जास्त वेळ बसायच्या. बारावा मजला झाला तेव्हा घास भरवावा लागत होता.

मी म्हटलं की असे आजार असतात, काका. ते म्हणाले की असतात, मीही तेच म्हणायचो.

“मग तुम्ही पुढचे दोन मजले खोडलेत,” मी म्हटलं.

“खोडले. खुर्चीसकट. वाटलं, निदान उरलंय तेवढं राहील.” काका कपाकडे बघत होते. “पण तिथे काही नसलं तरी मजले टिपिकलच होते ना. बाकी दहा ठिकाणी कोणीतरी बसलेलं, तर या दोन ठिकाणीही कोणीतरी बसणारच. मी कोणाला काढलं नाही, म्हणून जे आलं ते आलं.”

चौदावा झाला आणि काकू पुन्हा बोलायला लागल्या. उठून कामाला लागल्या. सगळ्यांना चमत्कार वाटला. काका सांगत होते की काकूंना आयुष्यात कधी मीठ प्रमाणात टाकता आलं नाही, आणि त्या दिवसापासून स्वयंपाक इतका उत्तम की पाहुणे नाव काढायचे.

“बावीस वर्षं मी एका परक्या बाईच्या हातचं चांगलं जेवलो,” ते म्हणाले. “ती मला न्याहाळायची. मी झोपलोय असं वाटलं की खुर्ची माझ्याकडे वळवून बसायची.”

निघताना मी विचारलं की ते अजून हॉटेलात जातात का. दर गुरुवारी जातात, दुपारी, पहारेकरी ओळखतात, सोडतात. तिसऱ्या मजल्यावर जाऊन भिंतीशी उभे राहतात.

“तिसऱ्यावर ती रागावते,” काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

५

घरी आले तेव्हा उन्हं अजून होती. धाकटी खिडकीशी बसली होती. शाळेचे बूट पायात, पाठ मला. मी हाक मारली, तिनं मान वळवायला जरा वेळ लावला.

“दमलीस का गं?” मी विचारलं.

“नाही गं ताई. बसलेय नुसती.”

तिच्यापुढे मी चहा ठेवला आणि आत जाऊन टॉवरचं वेळापत्रक उघडलं. टिपिकल मजले चौथा ते बारावा, नऊ. चार स्लॅब टाकून झाले होते. मी तारखा वाचल्या आणि प्रत्येक तारखेशी मला एकेक गोष्ट आठवत गेली. चौथ्याच्या सुमारास तिनं सकाळचं पळणं सोडलं, गुडघा दुखतो म्हणाली. पाचव्यानंतर तिचे मैत्रिणींचे फोन थांबले. सहाव्यानंतर ती मला चिडवेनाशी झाली, आणि मी मनात म्हटलं होतं की चला, पोर शहाणी झाली. सातव्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेतून मुख्याध्यापिकांचा फोन आला होता की मैदानावर मुलं खेळत असतात आणि ही बाकावर बसून असते, थोडे दिवस रजा घेऊ दे. मी तिला लोहाच्या गोळ्या आणून दिल्या होत्या.

तेरा वर्षांनी मोठी बहीण असून मी तारखा मागून वाचत होते. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मग मी फाइल उघडली. लेयर बंद होता. जीव भांड्यात पडला. पण सवयीनं दुसऱ्यांदा तपासलं. पडद्यावर बंद, छपाईला चालू. ही चूक मी दुसऱ्यांच्या कामात शंभरदा पकडली असेल. साइटवर गेलेल्या प्रतीत, कॉरिडॉरच्या टोकाला, खुर्चीत माझी धाकटी बसलेली होती. खाली तपासणाऱ्याच्या चौकटीत माझी सही होती.

६

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी साइटवर गेले. सुपरवायझरनं हेल्मेट दिलं. बिचारा भला माणूस, तोंडानं बडबड्या. मी विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं की टिपिकलला खिडकीशी खुर्ची दाखवलीय, ती कामगारांनी हौसेनं प्रत्येक मजल्यावर ठेवलीय, प्लॅस्टिकची, तात्पुरती. पण बसत कोणी नाही. डबासुद्धा तिकडे खात नाहीत. का ते विचारलं तर हसतात.

जिना चढून मी एकटीच सातव्यावर गेले. मजला कच्चा, भिंती नाहीत, नुसते खांब आणि कॉरिडॉरच्या आखणीच्या रेषा. नवं काँक्रीट भिजत राहावं म्हणून जमिनीवर पाणी सोडलेलं होतं, बोटभर. वारा नव्हता. खाली कामगार जेवत होते, त्यांचे आवाज फार लांबून आल्यासारखे येत होते. टोकाला खिडकीची मोकळी चौकट, पलीकडे पांढरं ऊन, आणि त्या उन्हापुढे खुर्चीची काळी पाठ. खुर्चीवर काही दिसत नव्हतं. डोळे दिपले होते, नीट सांगता येणार नाही.

पण पाण्यावर वर्तुळं उठत होती. खुर्चीच्या पुढून निघून माझ्या पायांपर्यंत येत होती, एकामागून एक, भराभर. कोणीतरी पाय हलवत होतं. तो पाय मी तीस वर्षं ओळखते. घरी गेले काही आठवडे तो हलला नव्हता.

“अगं,” मी म्हटलं.

वर्तुळं थांबली. खुर्चीच्या पाठीवरून एक खांदा वळू लागला, एक कान, पोनीटेलचं टोक. मी मान खाली घातली. चेहरा बघायची माझी हिंमत झाली नाही, कारण तो तिचाच असणार हे मला कळलं होतं. पुन्हा वर पाहिलं तेव्हा नुसती खुर्ची होती आणि पाणी आरशासारखं सपाट होतं.

खाली आले. आठव्याचा स्लॅब दुसऱ्या दिवशी सकाळी सातला होता. सुपरवायझरला काही बदल हवा असेल तर पाचच्या आत सुधारित ड्रॉइंग हवं होतं. स्लॅब थांबवता येईल का विचारलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. मोठ्या साहेबांना फोन केला. काय कारण सांगणार होते? पाण्यावर वर्तुळं? ते म्हणाले की तू पुस्तिकेचं बघ, दमलीयस.

ऑफिसात तीन तास हातात होते. धाकटीला तसंच ठेवलं तर आणखी पाच मजले. काकू दहा मजल्यांत संपल्या होत्या, ही नवात जवळजवळ तेवढीच जाईल. तिला खोडलं तर जागा रिकामी राहील, आणि मग एक दिवस ती टुणकन उठेल, पळायला जाईल, माझी चेष्टा करेल, आणि माझा डोळा लागला की खुर्ची माझ्याकडे वळवून बसेल. तेराव्या मजल्यावरची गादी मी पाहिली होती. मी स्वतःला सांगत होते की हे सगळं वेड्यासारखं आहे, म्हातारा एकटा राहून भ्रमिष्ट झालाय, तुझी बहीण अशक्त आहे. सांगत होते आणि फोन टेबलावर उभा करत होते.

खिडकीशी खुर्ची ओढून मी बसले. दहा सेकंदांनी फोटो निघाला. त्यावरून आकृती उतरवायला अर्धा तास लागला. बांधा जरा बेढबच आला, पण खरा आला. धाकटीला हटवून त्या जागी मला ठेवलं. छपाई तपासली, दोनदा. खाली लिहिलं: टिपिकल, आठवा ते बारावा, सारखेच. सव्वाचारला प्रत साइटवर पोचली.

७

इथपर्यंतचं मी आठव्याच्या आदल्या संध्याकाळी एका दमात लिहिलं होतं. हे नंतरचं आहे. बाराव्याचा स्लॅब गेल्या आठवड्यात झाला.

धाकटी आणखी खाली गेली नाही. पळत नाही, पण अर्धा दिवस शाळेत जाते. स्वयंपाक तीच करते, आणि मीठ जास्त टाकते. मी पहिला घास घेतला की तिच्याकडे बघून हसते, ती म्हणते हसायला काय झालं.

माझ्यातलं काय काय गेलं ते मला सांगता येत नाही. ती सांगते. दार उघडं टाकून मी झोपले म्हणाली. ऑफिसात एक जिना माझ्या हाताखालून गेला, पायरी कमी होती, ते म्हणे मोठ्या साहेबांनी पकडलं. पुस्तिका दुसऱ्या कोणाला दिली. मला वाईट वाटायला हवं होतं. खिडकीतून समोरची भिंत दिसते. उन्हं तिच्यावर हळूहळू सरकतात, ते बघायला बरं वाटतं.

आज दुपारी मोठ्या साहेबांचा फोन आला. टॉवरला आणखी सहा मजल्यांची परवानगी मिळाली. मालक फार खूश आहेत. “तुला काही करायचं नाही,” साहेब म्हणाले. “टिपिकलच आहेत. खाली नुसता आकडा बदलून पाठवलाय.”

धाकटी शेजारी उभी होती. तिनं ऐकलं. हे लिहिलेले कागद मी लपवून ठेवायला हवे होते, पण मला सुचलं नाही, तिनं ते केव्हाच वाचले होते. तिनं बोटांवर मोजलं, पाच आणि सहा अकरा. मग आत जाऊन लॅपटॉप आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

“ताई, माणसं कुठल्या लेयरवर असतात?” तिनं विचारलं. “मला दाखव. सहातले तीन मी घेते.”

मी म्हटलं, आठवत नाही गं.

तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ माझ्या डोळ्यांत बघत राहिली. मला खरंच आठवत नव्हतं, की तिच्यासाठी मी खोटं बोलले, हे तिला ओळखता येईना. मलाही येत नाही. सकाळी सातला तेराव्याचा स्लॅब आहे. ती लॅपटॉप टेबलावर ठेवून उभ्यानंच एकेक लेयर उघडून बघते आहे, रडते आहे, आणि मी बसले आहे.